मानेचा मळ आणि मामाची बाही

"डॉक्टर साहेब, ह्या पोऱ्यानी मान कितली बी घसा, मय निंघस नई."

डिसेंबरची सकाळ, बाहेर बाकांवर चाळीसेक माणसं, आणि समोर अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली आई. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. (ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.) मानेवर, कानांच्या पुढे आणि नडग्यांवर मातकट-तपकिरी थर. आई त्याला रोज वाळलेल्या गिलक्याच्या जाळीनं घासायची. घासून घासून मान लाल झाली होती, मधेमधे सोललीही होती, पण तपकिरी रंग जागचा हलला नव्हता. शाळेत गुरुजींनी त्याला वर्गासमोर उभं करून "आंघोळ करत जा" म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर पोरगा शाळेच्या नळावर मान धुवायला लागला, एकेका मधल्या सुटीत दोनदा.

आधीची दोन वर्षं गजकर्ण समजून औषधं झाली होती. पिशवीतून चार ट्यूब निघाल्या. मिश्र मलमाच्या, एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध आणि स्टेरॉइड.

मी काय केलं ते आधी सांगतो, कारण या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे. पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायला लावली, खवले पाहिले, 'इक्थिओसिस (कातडीवर खवले येण्याचा आजार), साधी' असं लिहिलं, युरियाचं मलम दिलं आणि पुढचा नंबर घेतला. जेमतेम तीन मिनिटं. खानदेशात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, उत्तरेकडून कोरडं वारं सुटतं आणि दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या लोकांच्या पायांना भेगा असतात. त्या गर्दीत हेही एक कोरडं पोर. सदरा काढायला सांगितलं नाही. घरच्यांबद्दल विचारलं ते एवढंच: "वडिलांना असं काही आहे का?" आई म्हणाली, नाही. माझ्या लेखी चौकशी संपली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती परत आली. नवरा रावेरकडे केळीच्या गाड्या भरायला गेलेला, म्हणून सोबत भाऊ. पाऊस नव्हता, पारा त्रेचाळीसवर, पंखा गरम हवा फेकत होता. आणि हे भाऊ पूर्ण बाहीचा शर्ट घालून, मनगटाची बटणं लावून, गळ्याभोवती रुमाल गुंडाळून बसलेले.

"भाऊ, उकडत नाही का?"

ते नुसते हसले. बहीणच म्हणाली, "त्याले सवय शे. लहानपणपासून फुल बाहीच घालस."

मी बटण उघडायला सांगितलं. कोपराच्या बाहेरच्या अंगाला गडद तपकिरी, बहुकोनी, चिकटून बसलेले खवले, उन्हात तडकलेल्या काळ्या मातीसारखे. कोपराच्या आतल्या घडीत मात्र कातडी स्वच्छ आणि मऊ. तळहात पाहिले, तर रेषा तुमच्याआमच्यासारख्या. मग पोराचा सदरा काढला, सहा महिन्यांपूर्वीच काढायला हवा होता तो. पोटावर, पाठीवर, मानेवर तोच नकाशा. घड्या मोकळ्या, तळहात-तळवे मोकळे, चेहऱ्याचा मधला भागही मोकळा.

साध्या इक्थिओसिसमध्ये, म्हणजे जी अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला असते तिच्यात, खवले बारीक आणि पांढुरके असतात, तळहातांवर रेषांचं जाळं दाट दिसतं आणि घरात दमा-एक्झिमा बऱ्याचदा सापडतो. ती बापाकडूनही येते, आईकडूनही. इथलं चित्र वेगळं होतं. भाच्याला आहे, मामाला आहे, आणि त्यांना जोडणारी बाई स्वतः निर्मळ कातडीची. असा आजार एक्स गुणसूत्रावरून येतो. १९६५ मध्ये वेल्स आणि केर यांनी ब्रिटनमधल्या घराण्यांचे वंशवृक्ष मांडून हा प्रकार साध्या इक्थिओसिसपासून वेगळा काढला. आपल्याकडे वंशवृक्ष मांडायचा म्हणजे बापाचं कुळ, बापाचे भाऊ, बापाचा बाप. मीही तेच विचारलं होतं. या आजाराचा धागा माहेरी असतो आणि माहेरची चौकशी कुणी करत नाही.

घरात या आजाराचं एक स्पष्टीकरण आधीपासून होतं. माहेरी कुण्या खापरपणजोबानं शेतात नाग मारला, त्याची कात पोरांच्या अंगावर उठते. मामांच्या लहानपणी दर नागपंचमीला पूजा व्हायची. मला हे ऐकून हसू आलं नाही. गोष्ट खोटी, पण निरीक्षण पक्कं होतं. आजार माहेरच्या पुरुषांत फिरतो, हे त्या बायकांनी माझ्या आधी टिपलं होतं.

मग मी बाळंतपणाबद्दल विचारलं. आईनं कॅरिबॅगमधून जुनी फाइल काढली. मुलगा पोटात असताना पाचव्या महिन्यात रक्ताची चार मार्करांची तपासणी झाली होती. तीत एस्ट्रिऑल नावाच्या संप्रेरकाचा आकडा जवळजवळ शून्याला टेकलेला. तेव्हा एका दवाखान्यात तिला एवढंच सांगितलं गेलं, की बाळात मोठा दोष असू शकतो, घरी विचार करा. पुढं कुणी काही समजावलं नाही. ती उरलेले महिने रडत काढल्याचं सांगत होती. सोनोग्राफ्या सगळ्या ठीक. दिवस भरले, वर दहा दिवस गेले, कळा येईनात. सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं, पण गर्भाशयाचं तोंड उघडेना. शेवटी सिझर. मोठी मुलगी मात्र याच बाईला सहज, घरून निघाल्यापासून चार तासांत झाली होती.

पुढच्या खेपेला आजी आली, मामांची आई. तिला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "हाऊ पोऱ्या व्हताना तीन दिन लागनात." आणि मामांकडे असं बघितलं, की चौतीस वर्षांनंतरही हिशेब चुकता व्हायचा आहे.

मानेवरचा मळ आणि अडलेलं बाळंतपण यांचं नातं काय, तर एक एन्झाइम. स्टेरॉइड सल्फाटेज. नाव ऐकताच आईनं विचारलं, "म्हणजे त्या स्टेरॉइडच्या ट्यूबनं झालं का हे?" प्रश्न रास्त होता. नाही. त्या ट्यूबांशी याचा संबंध नाही. स्टेरॉइड हा रेणूंच्या एका मोठ्या घराण्याचा शब्द आहे. कोलेस्टेरॉल त्याच घराण्यातलं, पुरुषांची आणि बायकांची संप्रेरकंही त्यातलीच.

तिच्या बापाची कापसाची शेती आहे, म्हणून मी जिनिंगचं उदाहरण दिलं. शेतातून कापूस सरकीसकट निघतो. तसाच गाडीत भरतात, तसाच जिनात पोचतो. सूत काढायचं तर आधी सरकी सुटायला हवी. शरीरातली बरीच स्टेरॉइडं अशीच, शेपटाला सल्फेटचा गट लावून रक्तातून फिरतात. सल्फेट असलं की पाण्यात विरघळतात आणि साठवता येतात, पण त्या रूपात कामाची नसतात. जिथं गरज असेल तिथं हे एन्झाइम सल्फेट काढून टाकतं. पेशीच्या आतल्या पडद्यात ते रुतलेलं असतं. २००३ मध्ये त्याची त्रिमितीय रचना उलगडली, तेव्हा त्यासाठीचं एन्झाइम माणसाच्या वारेतून, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या प्लॅसेंटातून, काढलं होतं. वारेत ते इतकं मुबलक असतं.

वारेत त्याचं काम काय? गर्भाच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी एक सल्फेट लागलेलं स्टेरॉइड भरपूर बनवतात. गर्भाचं यकृत त्यात थोडा फेरफार करतं, वार त्याचं सल्फेट काढते आणि त्यापासून एस्ट्रिऑल बनवून आईच्या रक्तात सोडते. जिन बंद असलं तर सरकीसकट कापूस पडून राहतो आणि आईच्या तपासणीत एस्ट्रिऑलचा आकडा खाली येतो. बाळाला त्यानं काही होत नाही. पण बाळंतपणाच्या वेळी गर्भाशयाचं तोंड मऊ होण्यात याच संप्रेरकांचा वाटा असतो, त्यामुळं काही बायकांत कळा उशिरा येतात किंवा तोंड उघडत नाही. सगळ्यांत नाही, अनेक जणी नेहमीसारख्या बाळंत होतात. वार बाळाच्या वाटणीची असते, म्हणून मुलीच्या वेळी याच आईला त्रास झाला नाही.

कातडीत गोष्ट वेगळी. वरच्या मृत थरातल्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात. हे टाके ठरल्या वेळी उसवतात आणि रोज आपल्या नकळत कोंडा गळतो. टाके उसवणाऱ्या कात्र्या म्हणजे वेगळी एन्झाइमं, आणि कोलेस्टेरॉल सल्फेट त्या कात्र्या बोथट करतं. निरोगी माणसात ते वर येता येता तोडलं जातं, सर्वांत वरच्या थरातल्या स्निग्धात साधारण एक टक्काच उरतं. या मुलांत ते दहा टक्क्यांवर जातं. टाके उसवत नाहीत, थरावर थर बसतात. शिवाय सल्फेट काढून जे कोलेस्टेरॉल मिळायला हवं तेही कमी पडतं, त्यामुळं कातडीची भिंत झिरपते आणि कोरडी पडते. म्हणून गिलक्याची जाळी कितीही चालवा, हा मळ निघत नाही. तो मुळात मळ नाहीच.

न्यूझीलंडमध्ये फ्रान्स आणि लिगिन्स या दोन संशोधकांनी वारेतल्या सल्फाटेजच्या अभावाचं वर्णन १९६९ मध्येच केलं होतं. खवल्यांचा हा आजार म्हणजे तोच अभाव, हे १९७८ मध्ये जुळलं. नऊ वर्षं प्रसूतितज्ज्ञांकडे एक टोक होतं आणि आमच्याकडे, म्हणजे कातडीच्या डॉक्टरांकडे, दुसरं. या पोराच्या बाबतीतही नऊच वर्षं लागली, आणि तेव्हाची सबब आता चालत नाही.

तपासण्यांत वेळ घालवण्याजोगं फारसं नव्हतं. रक्त पुण्याला पाठवलं. एक्स गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, एक्सपी२२.३१ या जागी, सुमारे दीड मेगाबेसचा, म्हणजे पंधरा लाख अक्षरांचा, तुकडा अख्खा गायब, आणि त्यात या एन्झाइमचा जनुक. दहातल्या नऊ रुग्णांत असंच असतं, अख्खा जनुकच नसतो. कारण त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्याच अक्षरांच्या ओळी आहेत. अंडपेशी बनताना गुणसूत्रांची जुळणी होते तेव्हा या ओळी एकमेकींच्या जागी बसतात आणि मधला मजकूर वगळला जातो. एकच शब्द दोनदा आला की नक्कल करणाऱ्याची नजर खालच्या ओळीवर घसरते, तसं. दोन ते सहा हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार असतो.

तुकडा मोठा असला तर शेजारचे जनुकही जातात, म्हणून ते पाहणं भाग होतं. शेजारीच एक जनुक आहे, तो गेला तर वास येत नाही आणि वयात येणं अडतं. मी घरातून हिंगाची डबी, कॉफी आणि शेवभाजीचा मसाला मागवला आणि पोराला डोळे मिटायला लावले. हिंगाला त्यानं नाक मुरडलं. कॉफीला गप्प राहिला (घरी कुणी पीत नाही). मसाल्याला मात्र डोळे न उघडताच म्हणाला, "माय, आज भाजी शे का?" वासाची शंका तिथंच संपली. उंची वयाला साजेशी होती, अहवालातला तुकडाही नेहमीच्या मापाचा.

जे निघालं ते दुसरंच. उजवं वृषण पिशवीत उतरलेलं नव्हतं. या मुलांत ते अधिक वेळा आढळतं, आणि शस्त्रक्रिया खरं तर पहिल्या दीड वर्षात व्हायला हवी. नऊ वर्षं कुणीही चड्डी उतरवून पाहिली नव्हती, मीसुद्धा नाही. ही गोष्ट मला निदान चुकल्यापेक्षा जास्त लागली. निदान उशिरा झालं म्हणून खवल्यांचं काही बिघडत नाही. वृषणाचं बिघडतं. जळगावच्या सर्जनांनी ऑगस्टमध्ये ते खाली आणून बसवलं. वयात आल्यावर त्यानं दर महिन्याला स्वतः चाचपून पाहावं, गाठ वाटली तर लाज न धरता दाखवावं, हे मामांच्या देखत सांगितलं, कारण बापापेक्षा मामांचं तो जास्त ऐकतो.

गुरुजींची दुसरी तक्रार होती, एका जागी बसत नाही. आईच्या मते खाजेमुळं. असेलही. पण हे एन्झाइम मेंदूतल्या काही स्टेरॉइडांचाही तोल सांभाळतं, आणि या मुलांत चंचलता आणि लक्ष न लागणं इतरांपेक्षा जास्त दिसतं. बालमानसतज्ज्ञांकडे पाठवलं, शाळेला चिठ्ठी दिली. चिठ्ठीत सगळ्यात वर 'हा संसर्ग नाही आणि अस्वच्छताही नाही' हे लिहिलं, तेही ठळक.

मामांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या मागच्या बाजूला स्वल्पविरामाच्या आकाराचे पुसट ठिपके होते. नजरेला त्यांचा त्रास नसतो, पण निदानाला बळ मिळतं. २०२० मध्ये ब्रिटनच्या बायोबँकेतल्या (लाखो स्वयंसेवकांच्या आरोग्याच्या नोंदींच्या साठ्यातल्या) माहितीवरून, हा तुकडा नसलेल्या प्रौढ पुरुषांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण जास्त असल्याचं समोर आलं. मामांचा ईसीजी काढला, ठीक होता. धडधड झाली तर अंगावर काढू नका, एवढं सांगितलं.

हेच एन्झाइम मुद्दाम बंद पाडण्याचेही प्रयत्न झाले आहेत. पाळी गेलेल्या बायकांत स्तनाच्या काही गाठी सल्फेट लागलेल्या साठ्यातून इस्ट्रोजेन मिळवतात, म्हणून इरोसुस्टॅट नावाचं औषध ब्रिटनमध्ये तयार झालं आणि रुग्णांवर तपासलं गेलं. ते घेणाऱ्या बायकांत वारंवार दिसलेला त्रास म्हणजे कोरडी कातडी. जे या पोराला जन्मतः आहे, त्याचाच सौम्य नमुना.

उपचार रोजचे आणि कंटाळवाणे आहेत. गिलक्याची जाळी आणि वजरी बंद. कोमट पाण्यात दहा मिनिटं, अंग टिपायचं आणि ओलसर असतानाच मलम. युरियाचं मलम महाग पडतं, म्हणून ते फक्त मान, नडग्या आणि पोटासाठी, बाकी अंगाला साधं पांढरं पेट्रोलियम जेली, मोठ्या डब्यातलं. लॅक्टिक अ‍ॅसिडनं सोललेल्या जागी आग होते, म्हणून ते नंतर. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम मेडिकलवाल्यानं सुचवलं होतं. मुलांच्या मोठ्या भागावर ते रक्तात उतरतं, तेव्हा सक्त मनाई. मामांना गोळ्यांबद्दल कुतूहल होतं. अ‍ॅसिट्रेटिन नावाच्या गोळीनं फरक पडतो, पण यकृत आणि चरबीच्या तपासण्या करत राहावं लागतं, आणि त्यांचा त्रास तेवढा नव्हता. मे महिन्यात काही जणांना घाम कमी येतो आणि अंग तापतं, म्हणून दुपारी शेतात नाही, डोक्यावर ओला रुमाल, सोबत पाणी.

अवघड बोलणं औषधांचं नव्हतंच. मामांना दोन मुली आहेत आणि थोरलीचं नाव या पोराशी लहानपणापासून जोडलेलं. आपल्याकडे मामाची पोर म्हणजे हक्काची, चेष्टेत तरी. मी कागदावर दोन एक्स आणि एक वाय काढले. मामांच्या प्रत्येक मुलीला त्यांचा एकुलता एक एक्स मिळणारच, म्हणजे दोघीही वाहक. त्यांच्या कातडीला काही होणार नाही. बायकांत एरवी एक एक्स झोपवला जातो, पण हा जनुक झोपलेल्या एक्सवरही बराचसा जागा राहतो. मात्र या पोराचं आणि त्या मुलीचं लग्न झालं, तर होणाऱ्या मुलग्यांपैकी निम्म्यांना आजार आणि मुलींपैकीही निम्म्यांना. एरवी हा आजार मुलींना जवळजवळ होतच नाही. तो मुलींपर्यंत पोचण्याची वाट ही, मामाच्या घरून जाणारी.

मामी इतका वेळ गप्प होती. तिला दिवस गेलेले होते. तिनं विचारलं, "मंग आते पोऱ्या व्हयना तर?"

मुलगा झाला तर त्याला वडिलांचा वाय मिळेल, एक्स मामीकडचा. त्याला हे होणार नाही, आणि पुढं त्याच्या मुलांनाही नाही. मामांचा यावर विश्वास बसला नाही. बापाला आहे म्हणजे पोराला येणार, हा हिशेब त्यांनी चौतीस वर्षं मनाशी धरला होता. म्हणूनच आधीच्या दोन्ही वेळी मुली झाल्या तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं. ही गोष्ट त्यांनी मामीलाही कधी सांगितली नव्हती.

भाच्याची बहीण पंधरा वर्षांची. वाहक असण्याची शक्यता निम्मी. तिची तपासणी आता करू नका, अठराची झाली की तिला विचारा, असं म्हटलं. तिच्यासाठी आणि मामांच्या दोन्ही मुलींसाठी एकच मजकुराची तीन टाचणं लिहून दिली. गरोदरपणी फाइलला लावायची, एस्ट्रिऑल कमी आलं तर घाबरून निर्णय घेऊ नका, आधी हे वाचा. आईनं तिन्ही लॅमिनेट करून घेतली.

जानेवारीत सगळे आले. पोराच्या मानेचा रंग उतरला होता, गेला नव्हता. "उन्हायामा पुरं जाई ना?" त्यानं विचारलं. कमी होईल, पुढच्या थंडीत परत दिसेल, मी सांगितलं. तो हिरमुसला, मग डबा उघडून स्वतःच मलम लावून दाखवायला लागला, फार जास्त.

मामांच्या मांडीवर दोन महिन्यांचा मुलगा होता. या वेळी त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बाळाला पाहायची गरज नाही, हे मी त्यांना फोनवरही सांगितलं होतं. तरी ते उठले, खिडकीशी गेले, बाळाचं टोपडं मागे सारलं आणि त्याची मान उजेडात धरून बराच वेळ बघत उभे राहिले.